टक्केवारी बघण्याआधी चौकट बघा

हाडांच्या गाठींवर संगणकाने केलेल्या निदानाचा शोधनिबंध उघडला, की आधी टक्केवारी डोळ्यांत भरते. साधी गाठ की कॅन्सर, हे एक्स-रेवरून प्रोग्रॅमने इतके टक्के बरोबर ओळखलं! तुम्ही मात्र आधी एवढंच शोधा: प्रोग्रॅमला दाखवलं काय होतं? अनेकदा गाठीभोवती चौकट आखून तेवढाच तुकडा कापून दिलेला असतो. माझा आक्षेप या कापण्याला आहे. खांद्याचं उदाहरण घेऊ.

दंडाच्या हाडाच्या, म्हणजे ह्युमरसच्या, वरच्या टोकाला एक काळपट पोकळी दिसतेय. रुग्ण १० वर्षांचा असेल तर पहिला संशय साध्या बोन सिस्टचा. ती इथेच सर्वांत जास्त सापडते. हाड मोडून त्याची कपची पोकळीच्या तळाशी पडलेली दिसली, तर निदान जवळजवळ पक्कं. रुग्ण ६५ वर्षांचा असेल तर आधी विचार करायचा तो दुसऱ्या अवयवातून पसरलेल्या कॅन्सरचा किंवा मायलोमाचा. मुलाचं वय सांगणारी ग्रोथ प्लेट एक्स-रेत दिसते खरी, पण ती चौकटीबाहेर राहिली की संपलं.

कूर्चेच्या गाठींचं त्याहून अवघड. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या वर्गीकरणात कमी ग्रेडची गाठ ह्युमरसमध्ये असेल तर ती ‘अ‍ॅटिपिकल कार्टिलेजिनस ट्युमर’. तशीच गाठ खवाट्याच्या हाडात असेल तर ‘ग्रेड १ कॉन्ड्रोसार्कोमा’, म्हणजे सरळ कॅन्सर. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही सारख्याच दिसतात. नाव बदलतं ते हाडामुळे, कारण चपट्या हाडातली गाठ जास्त त्रासदायक वागते. हाडच कापून टाकलं, तर प्रोग्रॅमने हा फरक शिकायचा कुठून?

गंमत म्हणजे हा प्रयत्न जुना आहे. अमेरिकन रेडिओलॉजिस्ट ग्विलिम लॉडविक आणि सहकाऱ्यांनी १९६३ मध्येच हाडांच्या गाठींच्या संगणकीय निदानावर निबंध छापला. तेव्हा एक्स-रे बघून लक्षणं टिपायचं काम माणसाचं होतं, संगणक फक्त शक्यतांचा हिशोब करायचा. आज बघायचं कामही आपण यंत्राला दिलंय, आणि बघायला दिलाय एक तुकडा.

वय आणि पूर्ण चित्र दोन्ही वापरणारे निबंधही आहेत; ते जरूर वाचा. कारण डॉक्टरसमोरचा खरा प्रश्न असतो, काही महिन्यांनी पुन्हा एक्स-रे काढायचा की आत्ताच बायोप्सी करायची? चुकलं तर एका मुलाच्या खांद्यात उगाच सुई जाते, नाहीतर एखाद्या आजीचा कॅन्सर वाढत राहतो.