गलतीकरांची पंगत

‘गलतीकरांस पत्र’ हे नाव पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं, चुका करणाऱ्यांना उद्देशून काहीतरी असेल. गलतिया हा आजच्या तुर्कस्तानातला भाग, हे नंतर कळलं. पण माझा गैरसमज अगदीच वाया गेला नाही, कारण पौलाने हे पत्र खरोखर चिडून लिहिलंय. त्याच्या बहुतेक पत्रांत नमस्कारानंतर वाचणाऱ्यांबद्दल देवाचे आभार येतात. इथे ते गायब. नमस्कार झाला की थेट झापायला सुरुवात.

हा राग बाजूला ठेवून पत्र वाचलं की हातात एक सूत्र उरतं: कृपा विरुद्ध कर्म. मार्टिन ल्यूथरचं गलतीकरांवरचं मोठं भाष्य 1535 साली छापून आलं. त्यात पौलाचे विरोधक जवळपास ल्यूथरच्याच काळातल्या रोमन चर्चसारखे दिसतात. ल्यूथरचा प्रश्न खरा होता, पण तो ल्यूथरचा होता. क्रिस्टर स्टेंडाल या स्वीडिश अभ्यासकाने 1963च्या एका निबंधात हेच दाखवलं: पौलाला स्वतःच्या पापी मनाची टोचणी छळत नव्हती, ज्यू आणि ज्यू नसलेले लोक एकत्र कसे राहतील हा त्याच्यापुढचा पेच होता. पुढे 1977 साली ई. पी. सँडर्सने त्या काळातलं ज्यू साहित्य तपासून सांगितलं की देवाने निवडलं ते कृपेने, नियम पाळायचे ते त्या नात्यात राहण्यासाठी, हेच तिथेही सांगितलंय. म्हणजे ज्यू धर्म हा पुण्याचा जमाखर्च, हे शतकानुशतकं रंगवलेलं चित्र मुळातच खोटं. त्या चित्राने युरोपातल्या ज्यूंचं काय केलं ते वेगळं सांगायला नको.

मग भांडण कशावरून होतं? जेवणावरून! पत्राच्या दुसऱ्या अध्यायात अंत्युखियातला प्रसंग आहे. पेत्र तिथे ज्यू नसलेल्यांबरोबर जेवत होता. यरुशलेमहून याकोबाकडची माणसं आली, तसा तो घाबरून पंगतीतून उठला. पौलाने त्याला सगळ्यांसमोर सुनावलं. आणि नियमांच्या आचरणाने नव्हे तर विश्वासाने माणूस नीतिमान ठरतो, हे जगप्रसिद्ध विधान या प्रसंगाला लागूनच येतं. आपल्याकडे यासाठी एक नेमका शब्द आहे: पंक्तिभेद. तो शब्द डोक्यात ठेवून हा अध्याय वाचून बघा. गलतियातल्या लोकांना ‘सुंता करून घ्या, मग पूर्ण आपले व्हाल’ असं सांगणाऱ्यांवर पौल इतका का उखडतो, ते लगेच कळतं.

आता ‘कृपा’. मूळ ग्रीक शब्द ‘खारिस’. मराठीत कृपा वरून खाली येते आणि तिथेच थांबते. खारिस फिरते. देणगी, देणाऱ्याची मर्जी आणि घेणाऱ्याची कृतज्ञता, तिन्ही अर्थ एकाच शब्दात. यरुशलेममधल्या गरिबांसाठी गोळा केलेल्या वर्गणीलाही पौल हाच शब्द वापरतो. पौलाचा समकालीन सेनेका याने दान आणि उपकार या विषयावर सात भाग लिहिले, आणि त्याचा एक मोठा सल्ला म्हणजे माणूस बघून द्या. हा सल्ला कंजूषपणाचा नाही. देण्यातून नातं जुळतं, म्हणून ते लायक माणसाशी जुळावं, इतकंच.

जॉन बार्क्ले यांचं 2015चं ‘पॉल अँड द गिफ्ट’ मला इथे सगळ्यात पटलं. त्यांच्या मते परतफेडीची अपेक्षा पौलालाही आहे. धक्का देणारी गोष्ट दुसरीच: ही देणगी लायकी न बघता दिली गेलीय. वंश, सुंता, शिक्षण, प्रतिष्ठा, काहीच मोजलेलं नाही. (कृपेचे सहा पैलू वेगळे करणारी त्यांची वर्गवारी मात्र मला स्प्रेडशीटसारखी वाटली, आणि मी दिवसभर स्प्रेडशीटच बघतो.)

‘लायकी’ या शब्दापाशी मी अडकलो. होस्टेलवर कोण ‘मेरिट’वर आलाय आणि कोण नाही, ही चर्चा मेसच्या टेबलांपर्यंत यायची, आणि कोण कोणाजवळ बसतो ते त्यातून ठरायचं. मीही तेव्हा मान डोलावली आहे. आरक्षण हा हक्क आहे, कृपा नाही. ती गल्लत करायची नाही. पण लायकीचा तराजू आपल्या हाती कोणी दिला, हा प्रश्न मला या पत्राने विचारला.

पौलाला मात्र सहज सोडू नये. फिलेमोनला लिहिलेलं त्याचं जेमतेम 25 वचनांचं पत्र घ्या. अनेसिम या गुलामाला तो मालकाकडे परत पाठवतो आणि त्याला गुलाम नव्हे, भाऊ म्हणून घे, अशी विनंती करतो. त्याला मुक्त कर, असं स्पष्ट शब्दांत कुठेच म्हणत नाही. अनेसिमचं काही देणं असेल तर मी फेडेन, असं स्वतःच्या हाताने लिहितो आणि लगेच आठवण करून देतो की तू स्वतःच माझा देणेकरी आहेस. लायकी न बघता मिळालेली देणगी इथे चक्क दबाव टाकायला वापरली जातेय. गलतीकरांना लिहिताना गुलाम आणि स्वतंत्र हा भेद पुसणारा हाच माणूस एका खऱ्या गुलामाबद्दल इतका जपून बोलतो, हे मला खटकतं. पण तो विषय सोडूनही देत नाही. पत्र संपवता संपवता फिलेमोनला सांगतो, माझ्यासाठी राहायची खोली तयार ठेव. म्हणजे तू काय केलंस, ते मी येऊन बघणार आहे.