भोर समितीचा आराखडा आणि देवराष्ट्र्याची साक्ष

सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीचा अहवाल 1946 साली प्रसिद्ध झाला. त्याविषयी आपल्या अभ्यासकांत एक मत दीर्घकाळ रूढ आहे : आराखडा उत्तम होता, अंमलबजावणी मात्र कच्ची राहिली. हे मत सोयीचे आहे, कारण ते स्वीकारले की खुद्द अहवालाची चिकित्सा करण्याचे श्रम वाचतात. प्रस्तुत टिपणात त्या आराखड्यातच असलेल्या एका उणिवेकडे लक्ष वेधावयाचे आहे, आणि त्यासाठी सरकारी दप्तराबाहेरचा एक ग्रंथ साक्षीस घ्यावयाचा आहे.

तो ग्रंथ म्हणजे यशवंतराव चव्हाणांचे आत्मचरित्र 'कृष्णाकाठ' (1984). चव्हाणांचा जन्म 1913 साली आजोळी, देवराष्ट्रे येथे झाला. हे गाव आज कडेगाव तालुक्यात मोडते. तेव्हा ते सातारा जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यात होते. प्रसूतीच्या वेळी आईचे फार हाल झाले, गावात औषधोपचाराची सोय नव्हती, आणि आजीने सागरोबाला साकडे घातले. त्या नवसाची आठवण म्हणून मुलाचे नाव यशवंत ठेवले गेले, असे ते सांगतात. चरित्रकार या प्रसंगाकडे भाविकतेने पाहतात. आरोग्यधोरणाच्या अभ्यासकाने त्यात निराळे काही पाहावे. डॉ. वानलेस यांचे मिरजेचे मिशन रुग्णालय तेव्हा चालू होते आणि त्याची कीर्ती दूरवर पसरली होती. परंतु अडलेल्या बाळंतिणीला बैलगाडीत घालून मिरजेस नेणे ही कल्पनाच त्या रात्री निरर्थक होती. हाताशी जे कोणी होते, ते घरातलेच आणि गावातलेच होते.

आता भोर अहवालाकडे वळू. त्यातील आकडे आजही अस्वस्थ करतात. ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे 6,300 लोकांमागे एक डॉक्टर, 43,000 लोकांमागे एक परिचारिका आणि 60,000 लोकांमागे एक सुईण. ऐपत नाही म्हणून कोणीही उपचाराविना राहू नये, हे समितीने निःसंदिग्धपणे मांडले. तिचे हे श्रेय कोणी नाकारू नये. अल्पमुदतीच्या योजनेत 40,000 लोकवस्तीसाठी एक प्राथमिक केंद्र सुचविले होते व तेथे दोन डॉक्टर, चार सुईणी आणि चार प्रशिक्षित दाया अशी नेमणूक होती. येथेच थोडे थांबले पाहिजे. दाईला शिकवावे असे समिती म्हणते खरे, परंतु केवळ पुरेशा सुईणी तयार होईपर्यंतची तात्पुरती तजवीज म्हणून. अहवालाच्या रचनेत दाई ही उद्या नाहीशी व्हावयाची व्यक्ती आहे. देवराष्ट्र्यासारख्या गावी मात्र त्या काळी हजर असणारी तीच एक होती.

हीच दृष्टी डॉक्टरांच्या प्रश्नातही दिसते. त्या वेळच्या सुमारे 47,500 डॉक्टरांपैकी बहुसंख्य लायसेन्शिएट होते. समितीच्या बहुमताने तो अभ्यासक्रम बंद करून एकाच प्रतीचा पदवीधर डॉक्टर घडवावा असा कौल दिला. काही सभासदांनी भिन्नमत नोंदविले. बहुमताचा युक्तिवाद क्षुद्र नव्हता : खेड्यासाठी हलक्या दर्जाचा वैद्य आणि शहरासाठी वरचा, ही वाटणी तिला अन्यायाची वाटली. तथापि वरच्या दर्जाचा डॉक्टर खेड्यात का जाईल, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर अहवालात सापडत नाही.

दुसरा विचार उपलब्ध नव्हता असेही नाही. राष्ट्रीय नियोजन समितीची आरोग्यविषयक उपसमिती मुंबईच्या हाफकिन संस्थेचे संचालक कर्नल साहिबसिंग सोखी यांच्या नेतृत्वाखाली काम करीत होती. तिने दर हजार वस्तीमागे एक शिकविलेला आरोग्यसेवक असावा असे सुचविले. म्हणजे एकीकडे गावापासून वर चढणारी मोजणी, तर दुसरीकडे केंद्रापासून खाली उतरणारी. स्वतंत्र भारताने दुसरी स्वीकारली.

पुढील इतिहास परिचित आहे. 2 ऑक्टोबर 1952 पासून सामूहिक विकास योजनेच्या गटांबरोबर केंद्रे उघडू लागली. एकेका गटाची वस्ती साठ हजारांपासून लाखापर्यंत, आणि सेवकवर्ग मात्र भोर समितीने मागितला त्याहून कितीतरी तोकडा. नवीन केंद्रांच्या आधी असलेली केंद्रे सुधारा, असे मुदलियार समितीला 1961 साली सांगावे लागले. त्याच वर्षी, चव्हाण मुख्यमंत्री असताना, महाराष्ट्रात जिल्हा परिषदांचा कायदा झाला व 1 मे 1962 पासून ग्रामीण आरोग्यसेवा परिषदांकडे आली. देवराष्ट्र्याच्या मुलाच्या कारकीर्दीत दवाखाना गावकऱ्यांच्या प्रतिनिधींच्या हाती गेला, हा योग अर्थपूर्ण आहे. पण हस्तांतर झाले ते कारभाराचे. केंद्र आणि उंबरठा यांमधले अंतर या कायद्याने मोजले नव्हते.

ते मोजण्याचा पहिला देशव्यापी प्रयत्न 2 ऑक्टोबर 1977 रोजी सुरू झालेल्या आरोग्यरक्षक योजनेत झाला. हजार वस्तीमागे एक, दरमहा पन्नास रुपये; आणि निवड बहुतेक ठिकाणी पुरुषांची! बाळंतिणीच्या खोलीत ज्याला प्रवेश नाही त्याला तिचा रक्षक नेमण्यात कोणते शहाणपण होते, हे कळणे कठीण आहे. 2005 साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने ही चूक सुधारली : 'आशा' ही त्याच गावची स्त्री, प्रमाण पुन्हा साधारण हजारी एक. सोखी यांचा आकडा असा जवळजवळ सहा दशकांनी परत आला. तिला नोकरीचा दर्जा मात्र दिला गेला नाही. कामागणिक मोबदला ठरविण्यात आला. आराखड्यातील दाईची तात्पुरती जागा नव्या नावाने तशीच पुढे चालली की काय, हे तपासण्यासाठी कडेगाव तालुक्यातील उपकेंद्रांच्या नोंदवह्या आणि तेथील आशांची प्रत्यक्ष साक्ष एकत्र वाचावी लागेल. आपल्या विभागातील एखाद्या विद्यार्थ्याने हे काम अंगावर घेण्याजोगे आहे.