राईनपाडा आणि खाकीचे समाजशास्त्र

पोलिसाला समाजशास्त्र कशाला हवे, असे पुष्कळदा विचारले जाते. राईनपाड्याने याचे उत्तर दिले आहे, आणि ते भयंकर आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील, साक्री तालुक्यातल्या या आदिवासी गावात, ऐन आठवडे बाजारात, मंगळवेढ्याकडून भिक्षेसाठी आलेल्या पाच नाथपंथी डवरी गोसाव्यांना जमावाने ठेचून मारले. मुले पळविणाऱ्या टोळीची, मोबाईलवरून फिरलेली अफवा त्याला पुरली.

हा केवळ कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न होता, असे मी मानत नाही. गोष्ट जितकी जिव्हाळ्याची आणि माहिती जितकी संदिग्ध, तितकी अफवा फोफावते, हे ऑलपोर्ट आणि पोस्टमन यांनी १९४७ मध्येच मांडले. मूल जिव्हाळ्याचे, परका भटका संदिग्ध. पण त्याला संशयित कोणी केले? १८७१ च्या कायद्याने कित्येक जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या. १९५२ मध्ये तो कायदा गेला, संशय राहिला. लक्ष्मण गायकवाडांच्या ‘उचल्या’त (१९८७) तो खाकी वेषात भेटतो. आज पाल ठोकून राहणाऱ्या प्रत्येकावर त्याची सावली आहे.

मारणारा जमावही सुखवस्तूंचा नव्हता, हे आपण चळवळीतल्यांनी लपवू नये. जात म्हणजे बंदिस्त वर्ग, हे बाबासाहेबांनी १९१६ च्या कोलंबियातील निबंधात सांगितले. बंदिस्त माणसे शेजारच्या शोषितालाही ओळखत नाहीत.

१७ जुलै २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने झुंडबळी रोखण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात अधीक्षक दर्जाचा अधिकारी नेमण्यास सांगितले. पण नेमणुकीने समज येत नाही. कोणते लोक कोणत्या हंगामात, कोणत्या वाटेने भिक्षेला येतात, हे ठाणेदाराने जाणावे. पोलीस पाटलाकरवी पाड्यापाड्यावर, तिथल्या बोलीत, आधीच सांगावे. मात्र ही माहिती पाळतीसाठी वापरली, तर १८७१ चेच रजिस्टर पुन्हा उघडेल.

मी धुळ्यात समाजशास्त्र शिकवितो. पहाटे मैदानावर धावून, भरतीची स्वप्ने घेऊन मुले वर्गात येतात. बहुतेक माझ्यासारखीच, घरातली पहिली शिकणारी. ‘पूर्वग्रह’ची व्याख्या ती गाईडातून बिनचूक लिहितात. पाल दिसल्यावर त्यांच्या मनात पहिला शब्द कोणता येतो, हे मी परीक्षेत कधी विचारले नाही. पोलीस खात्यावरची माझी टीका तिथून, माझ्याच वर्गातून सुरू होते.