द्रवणांकाचा आकडा आणि हाताचे कौशल्य : पदवीस्तरीय सेंद्रिय प्रात्यक्षिकांची समीक्षा

पदवी अभ्यासक्रमातील सेंद्रिय रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकात विद्यार्थ्याला एक भुकटी दिली जाते. तिचे शुद्धीकरण करावयाचे, द्रवणांक काढावयाचा आणि पदार्थ ओळखावयाचा, असा क्रम असतो. गुणदान करताना मात्र बहुधा शेवटच्या पायरीचाच विचार होतो. नाव बरोबर आले व द्रवणांक कोष्टकाशी जुळला, की प्रात्यक्षिक साधले असे मानले जाते. मधल्या दोन-तीन तासांत हातांनी काय केले, यासाठी गुणपत्रकात क्वचितच रकाना असतो. या पद्धतीचे परीक्षण करण्यासाठी प्रस्तुत लेखात बेंझोइक आम्लाच्या पुनर्स्फटिकीकरणाचा सर्वपरिचित प्रयोग घेतला आहे.

१०० मिलि पाण्यात २५° से. तापमानास सुमारे ०.३४ ग्रॅम बेंझोइक आम्ल विरघळते. उकळत्या पाण्यात हेच प्रमाण साडेपाच ग्रॅमच्या पुढे जाते. या तफावतीवरच सारे तंत्र उभे आहे. २ ग्रॅम आम्लास ४० मिलि उकळते पाणी जेमतेम पुरते आणि ते थंड झाल्यावर त्यातील अवघे ०.१४ ग्रॅम द्रावणात उरते. प्रत्यक्षात विद्यार्थी काय करतो? तळाशी काही कण विरघळत नाहीत असे दिसताच तो पाणी ओतत राहतो. ते कण आम्लाचे नसून न विरघळणाऱ्या कचऱ्याचे आहेत, ही शंका त्याला येत नाही. पाणी ३०० मिलिपर्यंत गेले, तर थंड झाल्यावरही सुमारे १ ग्रॅम, म्हणजे निम्मा पदार्थ, विरघळलेलाच राहतो व गाळलेल्या पाण्याबरोबर मोरीत जातो. पुढे गार नरसाळ्यातून गरम द्रावण गाळताना देठातच स्फटिक धरतात. आखूड देठाचे, आधी गरम केलेले नरसाळे आणि चुण्या घातलेला गाळणकागद यांचे प्रयोजन त्या क्षणी कळावयास हवे. पण तोवर घड्याळाकडे लक्ष गेलेले असते आणि चंचुपात्र नळाखाली धरले जाते. एकदम थंड झालेल्या द्रावणातून बारीक स्फटिक घाईने पडतात व अशुद्धी आपल्यात कोंडून घेतात. हे सर्व पुस्तकात वाचावयास मिळते. द्रावण किंचित गढूळ होऊ लागले, आता हात थांबवावा, हे मात्र पाहूनच शिकावे लागते.

द्रवणांकाची गोष्ट याहून गंभीर आहे. केशनळीतील नमुना थीले नळीत तापविताना अपेक्षित बिंदूजवळ तापमान मिनिटास १ ते २ अंशांनीच वाढू द्यावे लागते आणि पहिला थेंब दिसला तेव्हाचे व संपूर्ण द्रव झाला तेव्हाचे, अशी दोन तापमाने नोंदवावी लागतात. शुद्ध पदार्थात हा पल्ला अंशभराच्या आसपास असतो. अशुद्धी वा ओल राहिल्यास तो खाली सरकतो व रुंदावतो. जर्नलमध्ये मात्र '१२२' असा एकच आकडा आढळतो. ज्या विद्यार्थ्याने प्रामाणिकपणे '११६ ते ११९' लिहिले, त्याने आपल्या पदार्थाविषयी खरी माहिती दिली आहे: स्फटिक पुरेसे वाळले नाहीत किंवा शुद्धीकरण अपुरे राहिले. त्याचे गुण कापले जातात आणि कोष्टक पाहून १२२ लिहिणाऱ्याला पूर्ण मिळतात. प्रयोगशाळेत पहिल्याच वर्षी दिला जाणारा हा धडा रसायनशास्त्राचा नव्हे. वस्तुतः एकटा आकडा पदार्थ सिद्धही करीत नाही. युरिया आणि सिनॅमिक आम्ल दोन्ही १३३° से.च्या सुमारास वितळतात. ती एकत्र कुटून नळीत भरली, तर मिश्रण त्याहून बरेच खाली वितळते. तीन केशनळ्यांचा हा प्रयोग अर्ध्या तासात दाखविता येतो, तरी तो क्वचितच दाखविला जातो.

याचे खापर पाठ्यपुस्तकांवर फोडता येणार नाही. आर्थर व्होगेल यांच्या प्रात्यक्षिक सेंद्रिय रसायनावरील ग्रंथाची पहिली आवृत्ती १९४८ साली निघाली. त्याच्या १९५६ मधील तिसऱ्या आवृत्तीची पहिली दोन प्रकरणे तंत्रांची उपपत्ती आणि प्रत्यक्ष कृती यांनाच वाहिलेली आहेत; संयुगांची निर्मिती त्यानंतर येते. आपल्या महाविद्यालयांनी या ग्रंथातून प्रामुख्याने उचलली ती अखेरची कोष्टके. ग्रंथ मागून पुढे वाचला गेला, असेच म्हणावे लागते.

अडचणी खऱ्या आहेत. वीस विद्यार्थ्यांच्या तुकडीत एका शिक्षकाने प्रत्येकाचा हात पाहणे कठीण असते. रसायनांचा खर्चही असतो. अमेरिकेतील बोडन महाविद्यालयात १९८०च्या दशकात विकसित झालेली सूक्ष्मप्रमाणातील पद्धती खर्च व धोका दोन्ही कमी करते. परंतु १०० मिलिग्रॅम पदार्थात गाळणकागदाला चिकटलेला अंशही मोठा ठरतो, म्हणून नवख्या हाताला ती पहिल्या सत्रात देणे योग्य वाटत नाही. २०२० व २०२१ मध्ये प्रयोगशाळा बंद असताना चित्रफिती पाहून जर्नले पूर्ण झाली. त्यात नवल नव्हते, कारण जर्नलला हाताची गरज आधीपासूनच उरली नव्हती. तारापूर, महाड, लोटे येथील रासायनिक कारखान्यांत जाणाऱ्या पदवीधराला मात्र ती पहिल्या दिवसापासून भासते.

त्यामुळे गुणांची फेरमांडणी करणे हाच व्यवहार्य मार्ग दिसतो. पदार्थाच्या नावाला थोडे गुण असावेत. विद्रावक किती घेतला व का, द्रवणांकाचा पल्ला किती आला आणि तो रुंद असल्यास त्याचे कारण काय, या नोंदींना अधिक गुण असावेत. गाळून निघालेले पाणी तास संपेपर्यंत फेकू देऊ नये. ते आटवून किती पदार्थ मागे राहिला हे विद्यार्थ्याने तोलावे, आणि तो आकडा मिळालेल्या स्फटिकांच्या वजनाशेजारी जर्नलमध्ये लिहावा.