चिठ्ठी एकाची, गोळ्या दहा जणांना

शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांना परीक्षक म्हणून जाण्याचा योग आम्हांला अधूनमधून येतो. करोनाच्या साथीनंतर तेथे एक तक्ता बरेचदा दिसतो. खोकणारा माणूस, औषधाचे दुकान, गोळ्यांच्या पट्टीवर लाल फुली आणि खाली दोन सूचना : ‘स्वतःच्या मनाने प्रतिजैविके घेऊ नका’ आणि ‘सुरू केलेला कोर्स पूर्ण करा’. तक्ता नीटनेटका असतो, मुलेही माहिती घडाघडा सांगतात. तरीही साथीत जे घडले त्याचे हे चित्र अपुरे आणि काही अंशी दिशाभूल करणारे आहे, असे आमचे मत झाले आहे.

अॅझिथ्रोमायसिन हे नाव 2020 साली घरोघरी कसे पोहोचले ते आठवून पाहावे. त्या वर्षीच्या मार्चमध्ये फ्रान्समधील मार्सेय येथील संशोधकांनी एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात हे औषध हायड्रॉक्सिक्लोरोक्विनच्या जोडीने मिळालेले रुग्ण होते अवघे सहा. त्या सहांच्या आधारावर जगभर गाजावाजा झाला. (हा शोधनिबंध नियतकालिकाने अखेर डिसेंबर 2024 मध्ये मागे घेतला, त्या बातमीचा मात्र गाजावाजा झाला नाही.) आपल्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या 31 मार्च 2020 च्या मार्गदर्शक सूचनांत अतिदक्षता विभागातील रुग्णांसाठी ही जोडी होती, जूनमधील सुधारित सूचनांतून अॅझिथ्रोमायसिन वगळले गेले. पण तोवर ते दवाखान्यांतील चिठ्ठ्यांवर रुळले होते. पुढे काही राज्यांनी घरीच राहणाऱ्या रुग्णांना वाटलेल्या औषधसंचांतही ते होते.

म्हणजे लोकांनी ‘स्वतःच्या मनाने’ नेमके काय केले? एकाला मिळालेल्या चिठ्ठीचा फोटो फोनवरून साऱ्या इमारतीत फिरला आणि ज्याला ताप आला त्याने तो मेडिकलवाल्यापुढे धरला. हे चूकच होते. पण यात मन लोकांचे कमी आणि डॉक्टरांचे अनुकरण अधिक होते. भारतातील खासगी बाजारातील विक्रीवरून 2021 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज असा की, जून ते सप्टेंबर 2020 या चार महिन्यांत प्रतिजैविकांच्या सुमारे 21 कोटी 64 लाख मात्रा जादा खपल्या. त्यांतल्या सुमारे 3 कोटी 80 लाख एकट्या अॅझिथ्रोमायसिनच्या. विक्रीच्या आकड्यांवरून चिठ्ठीने किती गेल्या आणि चिठ्ठीविना किती, हे कळत नाही. रुग्णालयांत मात्र मनाने गोळी घेण्याचा प्रश्नच नसतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2024 मध्ये दिलेल्या माहितीनुसार, रुग्णालयात दाखल झालेल्या करोनाच्या रुग्णांपैकी सुमारे 8 टक्के रुग्णांनाच जोडीला जिवाणूंचा संसर्ग होता. प्रतिजैविके दिली गेली सुमारे 75 टक्के रुग्णांना. या सर्व गोळ्यांचा दोष एकट्या खोकणाऱ्या माणसावर टाकणे आम्हांला पटत नाही.

डॉक्टरांची बाजूही सांगितली पाहिजे. 1918 च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत असंख्य माणसे विषाणूमागोमाग आलेल्या जिवाणूजन्य न्यूमोनियाने दगावली होती. ती भीती निराधार नव्हती. मात्र या वेळी ती बव्हंशी लागू पडली नाही. शिवाय अॅझिथ्रोमायसिन जिवाणूच्या रायबोसोमला चिकटून त्याची प्रथिननिर्मिती थांबवते. विषाणूला स्वतःचा रायबोसोमच नसतो. तो आपल्या पेशींचा वापरतो. तेव्हा गोळीने विषाणू मरेल अशी अपेक्षा धरायला आधार फारसा नव्हता.

मग ‘मला तर गुण आला’ असे इतके लोक का म्हणत? कारण बहुतेकांचा आजार आठवड्या-दोन आठवड्यांत आपोआपच उतरत होता. तुलनेला दुसरा गट नसेल तर कोणतेही औषध गुणकारी ठरते. ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीत असा गट होता. रुग्णालयातील 2582 रुग्णांना नेहमीच्या उपचारांबरोबर अॅझिथ्रोमायसिन दिले, 5181 जणांना दिले नाही. अठ्ठावीस दिवसांत दोन्ही गटांत दगावलेल्यांचे प्रमाण 22 टक्के. हा निष्कर्ष डिसेंबर 2020 मध्येच जाहीर झाला होता, म्हणजे आपल्याकडील दुसऱ्या लाटेच्या कित्येक आठवडे आधी.

आता तक्त्यावरील दुसरी सूचना. अपुऱ्या मात्रेचा धोका अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी 1945 च्या नोबेल व्याख्यानात सांगितला होता आणि क्षयासारख्या रोगांत उपचार पुरा करणे आजही अत्यावश्यक आहे. पण साथीत अनेकांनी कोर्स इमानाने पुरा केला. त्याची गरजच नव्हती, हा खरा घोटाळा. हे औषध शरीरातून फार सावकाश जाते, त्याची निम्मी मात्रा घटायलाच सुमारे 68 तास लागतात. शेवटच्या गोळीनंतरही ते बरेच दिवस थोड्या प्रमाणात रेंगाळते. त्या काळात आतड्यातल्या निरपराध जिवाणूंमधून औषधाला दाद न देणारे तेवढे निवडले जातात आणि त्यांतील काही आपले प्रतिकारजनुक इतर जिवाणूंना देऊ शकतात.

याची किंमत विषमज्वराच्या रुग्णाला मोजावी लागू शकते. जुनी औषधे टायफॉइडवर निकामी होत गेली, तसतसे अॅझिथ्रोमायसिनचे महत्त्व वाढले. पाकिस्तानातील सिंध प्रांतात 2016 पासून पसरलेल्या टायफॉइडच्या वाणावर तोंडाने घेण्याजोगे एवढेच परिणामकारक औषध उरले होते. बांगलादेशात तर त्यालाही न जुमानणारे टायफॉइडचे जिवाणू सापडले आहेत.

गेल्या वर्षी एका तक्त्यापुढे आम्ही नववीतल्या मुलीला विचारले, ‘‘घरी कुणी घेतल्या होत्या का या गोळ्या?’’ ती म्हणाली, ‘‘हो, सगळ्यांनी. पण आमच्याकडे चिठ्ठी होती.’’ चिठ्ठी कुणाची, असे विचारल्यावर तिने शेजारच्या काकांचे नाव सांगितले. आम्ही तिला तक्त्याच्या कोपऱ्यात ‘रिकव्हरी’ चाचणीचे दोन्ही 22 टक्के लिहायला सांगितले. तिच्या बाईंनी लगेच खडू शोधून आणला.