रिख्तर काय वाजवत नसे

स्व्यातोस्लाव रिख्तरविषयी (१९१५–१९९७) लिहिताना त्याने काय काय वाजवले याची यादी देण्याची रीत आहे. यादी मोठीच आहे. चेंबर संगीत सोडूनही आपल्याकडे सुमारे ऐंशी वेगवेगळे कार्यक्रम आहेत, असे तो सांगत असे. मला मात्र हा वादक समजून घेताना दुसरी यादी अधिक उपयोगी पडते. बीथोव्हनचे चौथे आणि पाचवे कॉन्चेर्टो, ‘वाल्डश्टाइन’ सोनाटा, राखमानिनोवचा तिसरा कॉन्चेर्टो, बाखची ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’ : यांतले काहीही त्याने मैफलीत वाजवले नाही. शोपँच्या चोवीस प्रेल्यूड्सपैकी निवडक तेवढ्याच, शोस्ताकोविचच्या प्रेल्यूड-फ्यूगचेही तसेच. यातले काही त्याच्या बोटांना जड गेले असते, असे कोणी म्हणणार नाही.

या नकाराचे वजन कळण्यासाठी त्याचा काळ पाहावा लागतो. आर्टुर श्नाबेलने १९३२ ते १९३५ या वर्षांत बीथोव्हनचे बत्तीसही सोनाटे ध्वनिमुद्रित केले आणि ‘संपूर्ण’ हा शब्द पियानोच्या जगात प्रतिष्ठेचा झाला. पुढे लाँगप्ले तबकड्या आल्या, संचांचा बाजार वाढला. संपूर्ण बीथोव्हन, संपूर्ण शूबर्ट ही मोठ्या वादकाची जणू पदवीच ठरली. रिख्तरने ती घेतली नाही. बाखचे ‘वेल-टेम्पर्ड क्लेव्हियर’ त्याने दोन्ही भागांसह वाजवले आणि मुद्रितही केले, पण हा अपवाद आहे. एरवी जे आवडले नाही, किंवा दुसऱ्या कोणी वाजवून संपवले आहे असे वाटले, ते तो बाजूला ठेवी.

आता अडचण अशी की हाच माणूस, वादकाने स्वतःचे काही घालू नये, संगीतकाराने लिहिले आहे ते जसेच्या तसे उमटवावे, असे आयुष्यभर म्हणत आला. वादक म्हणजे आरसा. आरसा निवड करत नाही. रिख्तर सतत करत होता. माझे म्हणणे असे की वाजवण्यातून त्याने ज्या ‘मी’ला हद्दपार केले, तो कार्यक्रमपत्रिकेत येऊन बसला.

ऑक्टोबर १९६०मधल्या कार्नेगी हॉलच्या मैफली घ्या. अमेरिकेने त्याला प्रथमच ऐकले ते त्या महिन्यात. न्यूयॉर्कमध्ये त्याने बारा दिवसांत पाच वेगवेगळे कार्यक्रम केले. पहिला संपूर्ण बीथोव्हनचा. शेवटी ‘आपासिओनाटा’ आहे, जो श्रोत्यांना हवाच असतो. पण त्याच्या लगेच आधी ओपस ५४चा दोन भागांचा, बहुतेकांनी दुर्लक्षिलेला छोटा सोनाटा ठेवला आहे. दोघांचा आधारस्वर एकच, एफ. एक मेजर, दुसरा मायनर. धाकट्याच्या विनोदी, अडखळत्या चालीनंतर तोच स्वर ‘आपासिओनाटा’च्या आरंभी खोलातून, एकसुरी कुजबुजीसारखा येतो, तेव्हा तो ओळखीचा असूनही परका वाटतो. हा परिणाम बीथोव्हनने लिहिलेला नाही. तो शेजारातून निर्माण झाला आहे, आणि शेजार रिख्तरने ठरवला आहे.

याच्या उलट बाजूचे उदाहरण म्हणजे शूबर्टचा शेवटचा, बी फ्लॅट मेजरमधला सोनाटा. पहिल्या भागातली पुनरावृत्ती घ्यायची की गाळायची, हा जुना वाद. आल्फ्रेड ब्रेंडेल ती गाळतो आणि त्याचे लेखी समर्थनही करतो. गाळली की भाग पंधरा मिनिटांच्या आसपास संपतो. रिख्तर लिहिलेली प्रत्येक पुनरावृत्ती वाजवी, आणि लयही इतकी संथ ठेवी की त्याच्या १९७२च्या मुद्रणात हाच भाग चोवीस मिनिटांच्या घरात जातो. विलंबित ख्यालावर वाढलेल्या आपल्या कानाला यात काही अघटित वाटत नाही; तिकडच्या काही समीक्षकांना मात्र हा छळ वाटला. पण एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आठव्या मापात खर्जात एक अस्फुट ट्रिल येते, लांबच्या गडगडाटासारखी. ही ट्रिल पूर्ण जोराने ऐकू येते ती एकदाच, पुनरावृत्तीकडे नेणाऱ्या नऊ मापांत. पुनरावृत्ती गाळणारा वादक ती मापेही गाळतो, आणि मग वादळाची चाहूल नुसती चाहूलच राहते. इथे रिख्तरचा आज्ञाधारकपणा मला कोणाच्याही स्वातंत्र्याहून मोलाचा वाटतो.

१९८०च्या सुमारास त्याने स्मरणातून वाजवणे सोडले. समोर स्वरलिपीची वही, पान उलटणारा सोबती, सभागृहात अंधार, आणि वहीपुरता एक दिवा. लोकांनी वादकाकडे न पाहता संगीत ऐकावे, हे त्याने दिलेले कारण. दुसरे कारण त्याने लपवले नाही : वयाबरोबर त्याची स्वरांची अचूक ओळख बिघडली होती, वाजलेला स्वर त्याला चढा ऐकू येई. बोटे एक सांगत आणि कान दुसरे. हे कळल्यावर त्या दिव्याकडे मी वेगळ्या नजरेने पाहू लागलो. तरीही अंधारात उजळलेला एकच चेहरा हे नाट्य होतेच, आणि नाट्याची जाण असलेल्या या माणसाला ते उमगले नसेल, असे मानणे भाबडेपणाचे होईल. तारुण्यात ओडेसाच्या ऑपेरा नाट्यगृहात सरावाची साथ करून त्याने पोट भरले होते.

दिवा घेऊन तो कुठेही जाई. १९८६मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, सायबेरियातून व्लादिव्होस्तोककडे जाताना वाटेतल्या गावांत त्याने मैफली केल्या. मोठ्या सभागृहांच्या तारखा दोन-तीन वर्षे आधी ठरवणे त्याला जाचे. छोट्या गावात आज आलो, आज वाजवले, असे जमत असे.

मार्च १९९५मध्ये, ऐंशी वर्षे पूर्ण होऊन काही दिवस झाले असताना, ल्युबेक इथे त्याने शेवटची जाहीर मैफल केली. हायडनचे सोनाटे, आणि शेवटी मॅक्स रेगरची बीथोव्हनच्या एका धूनेवरची व्हेरिएशन्स. ही रचना दोन पियानोंसाठी आहे.