एकट्याची जुगलबंदी

आपल्या निमाडात वरातीपुढे बँड वाजतो तेव्हा क्लॅरिनेट, ट्रंपेट, सॅक्सोफोन अशी दहा-पंधरा वाद्ये असतात आणि चाल मात्र एकच. युरोपातील बरोक संगीताची, म्हणजे साधारण १६०० ते १७५० या काळातील रचनांची, तऱ्हा नेमकी उलटी. तिथे तीन-चार चाली एकाच वेळी चालतात. एकीने टाकलेला बोल दुसरी उचलते, तिसरी मध्येच अडवते. बुऱ्हाणपुरातील मराठी घरात आजी मराठीत विचारते, सून हिंदीत उत्तर देते, नातू दोन्ही मिसळून मध्ये बोलतो आणि कोणाचेही अडत नाही, तसेच काहीसे.

हे संगीत एकाच वादकाने, तेही एका वेळी एकच सूर काढणाऱ्या सुषिर वाद्यावर, एकट्याने ध्वनिमुद्रित करावे याला हौस म्हणावे, हट्ट म्हणावा की कला?

तंत्र समजायला सोपे आहे. एक पदर वाजवून ठेवायचा, तो ऐकत त्यावर दुसरा चढवायचा, मग तिसरा. सिडनी बेशे या जॅझ वादकाने एप्रिल १९४१ मध्ये क्लॅरिनेट, दोन जातींचे सॅक्सोफोन, पियानो, बास आणि ड्रम अशी सहा वाद्ये एकट्याने वाजवून एक गाणे मुद्रित केले. एक तबकडी वाजवीत दुसरीवर मुद्रण करायचे, त्यामुळे प्रत्येक फेरीत आधीचा आवाज मळत गेला. बरोक संगीतात हाच प्रयोग यासा हायफेट्झने केला. बाखच्या दोन व्हायोलिनांच्या कॉन्चेर्तोतील दोन्ही भाग त्याने १९४६ मध्ये स्वतःच वाजवले. हात तयार, सूर चोख. पण विचारणारा कोण आणि सांगणारा कोण, हेच कळेनासे होते. शाळेच्या नाट्यवाचनात एखादा हुशार मुलगा चारही पात्रे वाचतो. आवाज बदलतो, टाळ्याही घेतो. पण त्याला मध्येच कोणी तोडत नाही. पहिला पदर वाजला तेव्हा दुसरा जन्मलेलाच नव्हता. दुसरा पहिल्याचे ऐकतो, पहिल्याला मात्र दुसऱ्याचे ऐकता येत नाही. माझा खरा आक्षेप एवढाच.

‘हे वाद्य बाखचे नव्हेच’ हा शुद्धतावाद्यांचा आक्षेप मला पटत नाही. सॅक्सोफोनचे पेटंट १८४६ सालचे आणि बाख वारला १७५० मध्ये, हे खरे. पण ‘आर्ट ऑफ फ्यूग’ हा बहुपदरी रचनांचा संग्रह कोणत्या वाद्यासाठी, हे बाखने लिहूनच ठेवलेले नाही. आणि आपण तरी काय सांगावे? परकी म्हणून आकाशवाणीने १९४० साली ज्या पेटीवर बंदी घातली, त्या पेटीवाचून आपले नाट्यसंगीत उभे राहत नाही.

श्वासाचा प्रश्न मात्र खरा आहे. ऑर्गनला भाता असतो, माणसाला फुप्फुस. चारही पदरांत वादकाने एकाच जागी दम घेतला तर रचनेला भोक पडते. म्हणून दम घेण्याच्या जागा आधीच वाटून घ्याव्या लागतात. काही जण श्वासाचा आवाज मागाहून पुसून टाकतात. मग यंत्राने वाजवले असते तरी काय बिघडले असते?

या कोंडीतून वेगळी वाट काढली जपानच्या यासुआकी शिमिझूने. बाखच्या सहा चेलो सुइट त्याने नव्वदच्या दशकात टेनर सॅक्सोफोनवर मुद्रित केल्या. त्या एकट्या चेलोसाठीच आहेत. पण खालच्या आणि वरच्या सुरांत उड्या मारीत बाख दुसऱ्या चालीचा भास निर्माण करतो. चेलोवर दोन तारा एकदम छेडता येतात, सॅक्सोफोनवर दोन सूर तसे एकदम निघत नाहीत. शिमिझू आपले वाद्य घेऊन ओया येथील दगडाच्या खाणीत गेला, कामाइशीच्या खाणीत गेला, इटलीतील जुन्या वाड्यांत गेला. तिथे खालचा सूर हवेत रेंगाळतो आणि त्याच्यावर वरचा येऊन बसतो. १६१५ सालच्या आपल्या कुंडी भंडाऱ्यात उतरून ज्याने हाक मारली आहे, त्याला हे वेगळे समजावून सांगायला नको.

इथे जोडीदार आहे, आणि तो त्याच क्षणी ऐकू येतो. किंमत मोजावी लागतेच. जलद नृत्यांत सूर एकमेकांत कालवले जातात, रेघा पुसट होतात. साराबांद या संथ नृत्यांत मात्र तो सूर सोडतो, थांबतो, दगडाचे बोलणे पुरते संपू देतो आणि मगच, आपल्याला ऐकू येईल असा, पुढचा श्वास घेतो.